त्याच्या टँकमधली पोवळी

सकाळी अकरा वाजता आमच्या हॉलच्या कोपऱ्यातला निळा दिवा आपोआप लागतो. टायमर मुलानं लावून ठेवलेला. मुलगा गेला आणि दिवा लागत राहिला. पहिल्या आठवड्यात घरभर पाहुणे होते, सतरंज्या पसरलेल्या, कोणी ना कोणी भिंतीला टेकून बसलेलं. अकराला खट्ट करून कोपरा निळा झाला की बोलणारी माणसं एकदम गप्प व्हायची. माझ्या मेव्हण्यानं प्लग काढायला हात घातला, तर बायकोनं त्याचं मनगट धरलं. तो बाजूला होईपर्यंत सोडलं नाही.

मुलगा एकतीस वर्षांचा होता. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत छातीत कळ आली म्हणून खाली बसला, तो उठला नाही. घरात आम्ही तिघंच होतो, आता दोघं राहिलो. बायकोनं बोलणं जवळजवळ सोडलं. स्वयंपाक करायची, मला वाढायची, स्वतः दोन घास खाल्ल्यासारखं करायची. फक्त दिवा लागला की टँकसमोर स्टूल ओढून बसायची आणि संध्याकाळी सातला तो मालवला की उठायची.

मला त्या दिव्याची भीती वाटायची, हे सांगून टाकतो. अकराला पाच कमी असताना मी मुद्दाम बाहेर पडायचो. दळण, दूध, मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत चक्कर, काहीही निमित्त चालायचं. गणिताच्या निवृत्त मास्तरानं एका स्विचला घाबरावं ही लाजेची गोष्ट आहे, पण घाबरायचो. वाटायचं, खट्ट झालं की पाठोपाठ आवाज येईल, "बाबा, इकडं या, बघा काय झालंय."

सुट्टीच्या दिवशी दिवा लागला की तो तसंच बोलवायचा आणि मी जायचो नाही. जेमतेम दोन फुटांचा काचेचा टँक, पण त्यात खारं पाणी. आमच्या भागात नळाला पाणी यायचं म्हणजे आठवडा-आठवडा वाट बघायची. "आणि आमचे चिरंजीव घरात समुद्र मांडून बसलेत," असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. गावाकडं, देवगाव रंगारीच्या भावकीत त्याची टिंगल मीच पोचवली. तो हसायचा. फिल्टरचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचा, त्यात पुड्यातलं खास मीठ कालवायचा आणि खारटपणा मोजायचा. आत दगड, वाळू, चार गोगलगायी आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारंगी मासे होते. कोरल, म्हणजे जिवंत पोवळी, अजून आणायची होती. नवीन पाणी मुरायला महिने लागतात म्हणायचा.

एका रविवारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बाबा, पाणी तयार झालं. चला, पहिलं कोरल तुम्ही निवडा." मी म्हणालो, "मला पेपर वाचू दे." मग पुढच्या रविवारी जाऊ, म्हणाला. त्या पुढच्या रविवारी आम्ही पैठणला त्याच्या अस्थी घेऊन गेलो होतो.

नंतर त्याची टँकच्या नोंदींची वही बघून पाणी बदलायचं काम मी करू लागलो. आवड म्हणून नाही. मासे मेले तर बायको स्टुलावरून कुठं जाऊन बसेल, ही धास्ती होती. पाच महिने असेच गेले. एका दुपारी ती दगडाकडं बोट दाखवून म्हणाली, "इथं काय तरी येणार व्हतं ना?"

मी दचकलोच. इतक्या दिवसांत तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"तो म्हणायचा, आई, ह्या दगडावर फुलांवाणी उघडंल. कधी येणार?"

मी तसाच स्कूटर काढून जुन्या शहरात गेलो. तो जायचा ते कोरलचं दुकान तळघरात आहे, पायऱ्या उतरताना खारट वास येतो. मालक पांढऱ्या दाढीचे, हळू बोलणारे. मी मुलाचं वर्णन केलं, तसे ते म्हणाले, "हां हां, कंपनीवाले. आलेच नाहीत परत. मला वाटलं, नाराज झाले." मी झालेलं सांगितलं. ते माझ्याकडं पाठ करून एका टँकची काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

"बसा चाचा," ते शेवटी म्हणाले. "जल्दी का काम नाय हे."

मला एक कोरल लांबूनच आवडलं होतं. हाताच्या मुठीसारखं सतत उघडत-मिटत होतं. बायकोला हे दाखवलं की झालं, असं मनात आलं. त्यांनी मान हलवली. "हे नखऱ्याचं आहे. मर्जी असली तर टँकभर पसरेल, नसली तर एका दिवसात विरघळून जाईल. पहिल्यांदा नको." शेजारचं हिरव्या गवतासारखं दाखवलं, तर म्हणाले, ते मरत नाही, पण दुसऱ्याला जगू देत नाही, छोट्या टँकमध्ये सगळे दगड व्यापतं. दगडी सांगाड्याची कोरलं ते ठेवतच नव्हते, त्यांना कायद्यानं बंदी आहे म्हणाले. शेवटी त्यांनी दोन बाजूला काढली. एक मशरूम, चपट्या छत्रीसारखं, दगडाच्या सावलीत खाली ठेवायचं. दुसरी बटणं, एका खड्यावर पंधरा-वीस, शर्टाच्या बटणाएवढी. ही विषारी असतात, हाताला जखम असेल तर शिवू नका, नंतर साबणानं हात धुवा. एवढीच न्या. जगली तर पुढचं बघू.

"जगतील ना?" मी विचारलं.

"ह्यांना मारायला मेहनत लागते, चाचा."

घरी आणल्यावर दोन दिवस बटणं मिटूनच होती. मी मनातल्या मनात दुकानदाराला चार शिव्या हासडल्या. तिसऱ्या दिवशी बायकोनं हाक मारली, "अहो, या." यावेळी मी गेलो. सगळी बटणं उघडलेली, मध्ये हिरवी, कडेनं गुलाबी झालर, पाण्याबरोबर हलत होती. बायको अगदी सहज आवाजात म्हणाली, "आला बघा तो."

अंगावर काटा आला माझ्या. असं बोलू नकोस म्हणणार होतो, पण ती ताट तिथं घेऊन आली आणि अख्खी भाकरी खाल्ली. मग मी कशाला बोलतोय? पुढचे पंधरा दिवस ती टँकशी बोलायची. आज वरण पातळ झालंय बघ. मावशीचा फोन आला व्हता. मी आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून ऐकत बसायचो. मध्येच ती थांबायची, पलीकडून कोणी काही सांगतंय तशी, आणि मग "व्हय, व्हय" म्हणायची. त्या थांबण्यात मीसुद्धा कान देऊन बसायचो. शपथेवर सांगतो, एकदा मला पलीकडचं ऐकू येईल असंही वाटलं होतं.

मग एक गोगलगाय उलटी पडलेली दिसली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. बटणं भर दिवसा मिटली आणि मशरूम सुकलेल्या बोरासारखं आकसलं. बायकोनं ताट बाजूला सारलं.

"चालला का पुन्हा?" तिनं मला विचारलं.

माझी गाळण उडाली. दोनदा पाणी बदललं. मीठ मोजलं, यंत्रावर विश्वास बसेना म्हणून जिभेनं चाखलं. शेवटी बाटलीत पाणी भरून तळघर गाठलं. त्यांनी तपासलं. मीठ ठीक, बाकीचंही ठीक. "तांबं पडलं का आत? नाणं, तार? गोगलगाय पहिल्यांदा जाते म्हणजे तांबंच. ह्या जिवांना ते जहर आहे."

मी नाही म्हणालो.

"अंगठी? तुमचा मुलगा इथं पाण्यात हात घालायच्या आधी अंगठी काढून खिशात ठेवायचा. मी म्हटलं, तांब्याची अंगठी घालताच कशाला? तर म्हणाला, वडिलांनी दिलीय, त्यांना वाईट वाटेल."

ती अंगठी मीच करवून घेतलेली. त्याच्या पत्रिकेत मंगळ, लग्न जमेना, म्हणून ज्योतिषाच्या सांगण्यावरून लाल पोवळं तांब्यात मढवून आणलं होतं. आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं आणि पत्रिकेपुढं हात जोडले. मुलगा म्हणायचा, "बाबा, हे पोवळं म्हणजे कोरलच्या प्राण्याचं हाड आहे." पण घालायचा. टँकला हात लावताना तेवढी काढून झाकणावर ठेवायचा आणि मी भडकायचो. त्या सकाळी तो काच पुसत होता. बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारली, कंपनीची बस आली म्हणून, आणि तो धावत सुटला. संध्याकाळी त्याला घरी आणलं तेव्हा अंगठी झाकणावरच होती. मी ती बघितली आणि भरल्या घरात बोललो, "हिनं घाई केली. अंगठी घरी राहिली, म्हणून गेला." एकदाच बोललो. रडारडीत ते विरून गेलं असं मी धरून चाललो. अंगठी पैठणला पाण्यात सोडली असणार, असंही धरून चाललो.

घरी येऊन बाही सरसावली आणि टँकमध्ये हात घातला. बटणांच्या मागं, वाळूत दोन बोटं खोल, अंगठी लागली. तांब्यावर हिरवा थर चढलेला. बायको स्टुलावर बसून बघत होती.

"कधी टाकलीस?"

"उघडलं त्या दिवशी."

"का पण?"

"तो आला, आन् हात मोकळा त्याचा. पुन्हा तसाच गेला तर?"

मी तांब्याचं विष समजावायला लागलो. ती ऐकत नव्हती. तिनं मध्येच विचारलं, "मी हाक नसती मारली तर घालून गेला असता. व्हय ना?"

त्या बटणांतली निम्मी पुढं जगली, पण मला त्या क्षणी त्यांचं काही नव्हतं. माझं एक वाक्य ही बाई इतके दिवस उरावर घेऊन बसली होती.

"नाही," मी म्हणालो. "अंगठीनं काही होत नसतं. घातली असती तरी गेला असता. मी बोललो ते खोटं होतं."

"मंग बोललात का?"

मी ओली अंगठी खिशात टाकली. 

"कोणावर तरी ढकलायचं होतं. तू समोर होतीस."

तिनं टँकवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं. "सहा महिने," ती म्हणाली, "सहा महिने मी त्याला मारलंय म्हणून जगले." आणि उठून आत गेली.

थोड्या वेळानं आतून रडण्याचा आवाज आला, मोठ्यानं, हंबरडा फोडून. मुलगा गेला त्या दिवशी ती रडली नव्हती. बायका म्हणाल्या होत्या, धक्का बसलाय, रडू द्या तिला, हलवा तिला. तो धक्का नव्हता. आपण मारलेल्या मुलासाठी आपल्याला रडायचा हक्क नाही, असं ती समजून चालली होती. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. आत जायची हिंमत झाली नाही.