एका बाईचा रोवणा

आंधळगावापलीकडच्या एका खेड्यात परसराम मेश्राम गुरुजींचं गणित म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सत्तावीस वर्षं ती रेघ कोणी खोडली नाही, खोडायची कोणाची छाती होती? फळ्यावर आकडे पडायचा अवकाश, पोरांच्या वह्या वर. कोणी काही विचारायला तोंड उघडलंच तर गुरुजी म्हणायचे, "शंका घरी ठेवून येत जा बाबू, इथं उत्तर लिहा."

त्या आखाडात, रोवण्याच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, चौथीला त्यांनी नेहमीचंच गणित घातलं. एक बाई एका बांधीचा रोवणा बारा दिवसांत करते, तर बारा बाया किती दिवसांत करतील? सगळ्यांनी लिहिलं, एक दिवस. रुचिका नावाच्या पोरीनं मात्र लिहिलं, 'एक बाई रोवणा करतच नाही.' वर्ग फिदीफिदी हसला. गुरुजींनी शून्य दिलं, वर तासभर उभी केली. आईसंगं रोवण्याला चिखलात जाणारी पोरगी ती.

चार दिवसांनी गुरुजींच्या स्वतःच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, रोवणा होता. बारा बाया यायच्या, आल्या तीन. उपटून ठेवलेले परे, धानाची रोपं, तीन दिवस जुड्यांतच पडले अन् पिवळे झाले. त्यांच्या पत्नी, विमलाबाई, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तिघींनं कुठं रोवणा होते का जी? एकटीदुकटीनं करत बसलं तं परेच मरून जाते."

गुरुजींच्या पायाखालची बांधीच सरकली. परे गेले ते गेले, पण पोरीनं हेच तर लिहिलं होतं! बापामागं चिखलात वाढलेला हा माणूस. हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक, अन् शाळेत पाय ठेवला की डोकं खुंटीला टांगलेलं. अशी किती शून्यं दिली असतील आपण?

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सरळ सांगितलं, "रुचिकाचं बराबर होतं. चूक माझी होती." गुरुजी चुकतात, हे पोरांनी कधी ऐकलंच नव्हतं.

मग त्यांनी मुद्दाम नवीन गणित घातलं. दहा दिवसांत धान वीतभर वाढला, तर शंभर दिवसांत किती वाढेल? बाकी सगळी चुकली तरी रुचिका गणितातली खोट पकडणार, अशी त्यांना खात्री होती. तिनं या वेळी तरी बोलावं म्हणून ते तिच्या बाकापाशीच उभे राहिले.

सगळ्यांनी लिहिलं, दहा वीत. रुचिकानंही.

"माणसाच्या डोक्यावरून जाणारा धान पाहिला का तू कधी?"

"नाई जी, गुरुजी."

"मंग काहून लिहिलं?"

तिनं वही मिटली. तिच्या चेहऱ्यावर ना राग, ना भीती.

"तुमाले हेच पायजे रायते ना," ती म्हणाली.

गुरुजींना वाटलं होतं, पोरगी रुसली असेल. ती रुसली नव्हती. ती शिकली होती.