सरदारचं बिनमिठाचं जेवण

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी माझी बाजू ऐकून घ्या. माझ्या लेकीचं, पल्लवीचं, ठरत आलेलं लग्न मी एका घासात घालवायला निघालो होतो. आणि तेही पूर्ण अभ्यास करून!

आमच्याकडे सरदार नावाचा कुत्रा आहे. नाव सरदार आणि खाणं काय, तर दूध-पोळी. त्याचे केस गळायला लागले तसं मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, याला संतुलित आहार द्या. चिकन, भात, लाल भोपळा, गाजर. मीठ नको, कांदा-लसूण नको आणि शिजवलेलं हाड तर अजिबात नको.

आता आमचं घर पिढ्यानपिढ्या शाकाहारी. कुणी अंड्याचा केक आणला तर ही त्याला बशीसुद्धा वेगळी काढते. पण मी एकदा मनावर घेतलं की कुणाचं ऐकतो होय? परसात वेगळी शेगडी मांडली, वेगळं पातेलं घेतलं आणि नाकाला रुमाल बांधून शिजवायला लागलो. थोड्याच दिवसांत सरदारचं अंग असं चमकायला लागलं की हर्सूलमधली कुत्री पाळणारी माणसं माझा सल्ला घ्यायला येऊ लागली. मीही द्यायचो. न विचारताही द्यायचो.

अशात श्रावण लागला. कुत्र्याला कुठला आलाय श्रावण? पण हर्सूलमध्ये मला सगळे ओळखतात. म्हणून मी शहाणपणा केला आणि चिकन आणायला थेट शहरात औरंगपुऱ्याकडे गेलो. चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात दुकानदाराला सांगितलं की बोनलेस द्या, कुत्र्यासाठी पाहिजे. तो सुरी थांबवून म्हणाला, "चाचा, श्रावण में सब कुत्ते के वास्तेच लेके जाते."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वळून बघतो तर शेजारच्या पानटपरीवर भास्करराव! पल्लवीच्या लग्नातले मध्यस्थ ते हेच. मुलगा पैठणचा, पल्लवीच्याच ऑफिसातला, दोघांची मनं कधीच जुळलेली. फक्त मुलाच्या आईची एक अट होती, सोयरे शाकाहारी पाहिजेत. मी भास्कररावांना भोपळ्यापासून गाजरापर्यंत सगळा आहार समजावून सांगितला. ते पान चघळत नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

रविवारी पैठणची मंडळी आली. मुलाच्या आईला ही आत घेऊन गेली. मुलाचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणतात, ते भास्कररावांबरोबर अंगणात बसले. दोघांची काहीतरी कुजबुज झाली आणि नानांनी मला जवळ बोलावलं.

"तुमच्या घरी चिकन शिजतंय म्हणं. ते बी श्रावणात?"

चहा घेऊन दारात आलेल्या पल्लवीचा चेहरा खर्रकन उतरला. ती तशीच आत वळली. पण मी डगमगलो नाही. पुरावा परसात तयार होता! दोघांना मागे नेलं, सरदारचं भांडं भरलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

सरदारने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पंजांवर मान टाकून डोळे मिटले. पाहुण्यांवर भुंकू नये म्हणून हिने त्याला सकाळीच वाटीभर शिरा चारला होता. हे मला कधी कळलं? मंडळी गेल्यावर.

"कुत्रं तर तोंड लावीना," नाना म्हणाले.

दुसरा कुणी असता तर इथे गप्प बसला असता. मी म्हणालो, अहो, यात मीठ नाही, मिरची नाही, हे माणूस खाईल का? नाना म्हणाले, ते नुसतं बघून कसं कळावं? त्यांचं बरोबरच होतं. मीठ काय डोळ्यांना दिसतं? म्हणून मी पातेल्यात हात घातला, चांगला मोठा घास घेतला, चावला, गिळला आणि छाती पुढे काढून म्हणालो, "बघा, कणभर तरी मीठ आहे का!"

भास्कररावांचं पान चघळायचं थांबलं. घास पोटात उतरला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

नानांनी एकदा घराच्या दाराकडे बघितलं आणि माझा दंड धरून मला पाण्याच्या टाकीमागे नेलं. हळूच म्हणाले, "घाबरू नका. आमच्या हिच्या कानावर जाऊ देत नाय. पोरगी आमाला पसंत हाय. आणि खरं सांगू का, शेतावर गेलो की मीबी खातो."

माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी आवाज जरा कडक केला.

"पण राग नका मानू, पाहुणं. श्रावण तरी पाळत जा. माझ्यासारखा माणूस पाळतो."

जन्मात पहिल्यांदा चिकन तोंडात घातलेल्या मी मान खाली घातली, हात जोडले आणि म्हणालो, "चुकलं, नाना. पुढच्या वर्षीपासून पाळतो."