कोपऱ्यातली तारीख

सुदामचा मृत्यू गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास झाला. घोडेगावात स्वतःच्या फोटो स्टुडिओचं शटर वर करताना छातीत कळ आली. मंचरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय बावन्न. मला फोन आला तेव्हा अकरा वाजले होते आणि मी ओझरला देवळासमोरच्या रांगेचे फोटो काढत होतो. उरलेले फोटो काढले आणि मग निघालो.

आम्ही दोघं एकाच दैनिकाचे वार्ताहर. तो आंबेगावचा, मी जुन्नरचा. त्याचं मूळ गाव मात्र बोरी बुद्रुक, म्हणजे माझ्या तालुक्यातलं. नव्वदच्या दशकात रोल धुवायचा, फोटो पाकिटात घालायचे आणि पाकीट पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं, अशी पद्धत होती. दोघांची पाकिटं एकाच दिवशी पोचली तर फोटो त्याचा लागायचा. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात शेजारी शेजारी उभं राहून आम्ही फोटो काढले, तरी माझ्या फोटोत क्रेट यायचे, त्याच्या फोटोत माणूस. मला ते सहन होत नसे. तसं मी कधी बोललो नाही. त्याच्या घरी जेवायचो, त्याच्या मोटारसायकलवर फिरायचो, आणि सकाळी पेपर आला की बातमीच्याही आधी फोटोखालचं नाव बघायचो.

२००४ साली कार्यालयाचा निरोप आला. यापुढे फोटो इंटरनेटवरून पाठवायचे, डिजिटल कॅमेरा ज्याचा त्याने घ्यायचा. आणि दिवाळीनंतर दोन्ही तालुक्यांसाठी एकच पगारी छायाचित्रकार नेमणार. तो आमच्यापैकीच एक असणार, हे दोघांनाही माहीत होतं. तरी कॅमेरा घ्यायला पुण्याला गेलो ते एकाच एसटीने. बारा हजारांच्या वर जायचं नाही, असं ठरलं होतं.

त्या किमतीत दुकानदाराने दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक चपटा, चकचकीत, चार मेगापिक्सलचा, स्वतःच्या चार्जरवर चालणारा. दुसरा तीन मेगापिक्सलचा, जाडजूड, पेन्सिल सेलवर चालणारा. मी खोक्यावरचा आकडा वाचून पहिला उचलला. सुदामने मला दारापर्यंत पाठवलं आणि हात हलवत परत यायला लावलं. दोन्ही कॅमेऱ्यांनी तीनतीनदा फोटो काढला. दुकानातली गिऱ्हाईकं हसायला लागली.

"दाबलं की निघाला पायजे," तो म्हणाला. "ह्या चपट्यात तू पार निघून जातोस अन् मागची भिंत येती. अन् आपल्याकडं लाईट कवा जाईल त्याचा नेम न्हाई. सेल कुठल्याबी टपरीवर मिळत्यात."

"अरे, चार मेगापिक्सल आहे हा."

"छापायचं कुठं, राव? दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात भजी बांधत्यात. भज्यांना किती मेगापिक्सल लागत्यात?"

शेवटी मी चपटाच घेतला, त्याने सेलवाला. त्याचं बिल करताना दुकानदार एवढंच म्हणाला, की सेल बदलले की याची तारीख पुसली जाते, दर वेळी नव्याने घालायची. "तारीख भिंतीवर बघू की," सुदाम म्हणाला. मी ते ऐकलं होतं...

दिवाळीच्या तीन आठवडे आधी, एका शनिवारी, बोरी बुद्रुकला विहिरीत बिबट्या पडला. उसाच्या कडेची विहीर, काठावर सगळा गाव. सुदाम आईला भेटायला आलेला, म्हणून माझ्याही आधी तिथे. वनखात्याच्या माणसांनी बाजेला चारी बाजूंनी दोर बांधून ती खाली सोडली. बिबट्या बाजेवर चढला आणि ती वर येऊ लागली तेव्हा माझा कॅमेरा बंद पडला. आदल्या दिवसापासून वीज नव्हती, चार्जिंग अर्धवट झालं होतं. सुदामचेही सेल त्याच वेळी संपले. त्याने खिशातले नवे घातले आणि पडद्यावर कॅमेरा काय विचारतोय ते न बघता दाबत गेला. संध्याकाळी जुन्नरच्या नेट कॅफेतून त्याने एकच फोटो पाठवला. बाजेवर दबून बसलेला ओला बिबट्या, आणि दोर ओढणाऱ्यांचे हात. मी शेजारच्या खुर्चीवर बसून बातमी टाइप करत होतो. फोटोच्या कोपऱ्यात छापलेली तारीख एक जानेवारी होती. ती मला दिसली. त्याला दिसली नाही. मी सांगितलं नाही.

साडेसात वाजता उपसंपादकांचा फोन मला आला, कारण तालुका माझा. "फोटो आजचाच ना? कोपऱ्यात जानेवारी आहे."

मी म्हणालो, "तारीख तर तीच दिसतेय."

"जुना असेल तर लावत नाही मी."

"तुम्ही बघा," मी म्हणालो.

बातमी माझ्या नावाने आली, फोटोशिवाय. "जागा नसंल, राव," सुदाम म्हणाला. कार्यालयात मात्र तो जुने फोटो खपवतो असं बोललं गेलं. दिवाळीनंतरची नेमणूक मला मिळाली. त्याने वर्षभरात वार्ताहरकी सोडली आणि लग्नाचे फोटो काढू लागला. पुढे कुठे भेटलो आणि मी कॅमेरा वर केला की तो हसून म्हणायचा, "तारीख घातली का, भाऊ?" त्याला कळलं होतं की नाही, याची खात्री मला करून घेता आली असती. मी विचारलं नाही. लग्नाचे फोटो चांगले काढतो असं कुणी म्हटलं, तरी आत काहीतरी टोचायचंच.

तेराव्याला वहिनींनी तो कॅमेरा आणून दिला. "तुमी दोगांनी मिळूनच आणल्याला ना, भावजी? तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. ह्यांनी त्यातलं कारड कुणाला काढून दिलं न्हाई." रिकामे सेल आधीच काढून ठेवलेले होते. घरी येऊन मी नवे सेल घातले. पडद्याने तारीख, महिना, वर्ष विचारलं. कार्डात एकच फोटो आहे. बाज, बिबट्या, दोर, हात, आणि कोपऱ्यात एक जानेवारी.

तो फोटो त्याच शनिवारी दुपारी सव्वादोन वाजता सुदामने काढला. मी त्याच्या डाव्या हाताला उभा होतो.