जिथे कागद फाटला नव्हता

कुवेतच्या महबूला भागातल्या मराठी मंडळींत बंडूकाका केळशीकरांना एखादा कागद दाखवायचा झाला, तर माणसं आधी दोनदा विचार करतात. मिरकाबमधल्या एका बांधकाम कंपनीत ते तेवीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत. शिक्का अर्धवट उमटलाय, सही रेघेखाली घसरलीय, असल्या कारणांवरून त्यांनी भल्याभल्या इंजिनिअरांना पुन्हा जिने चढायला लावलेत. स्वतःच्या ओळखपत्रावरचा फोटोही त्यांना पसंत नाही. पण तो परत पाठवता येत नाही, म्हणून गप्प आहेत.

शुक्रवारची सकाळ मात्र मोडीची. पुण्यातलं एक दफ्तर जुन्या कागदांचे फोटो पाठवतं, आणि काका लुंगी-बनियनवर, चहाचा दुसरा कप पुढ्यात घेऊन ते देवनागरीत उतरवून देतात. तेही फुकट. वाचायचं मोठ्यानं, कारण मोडी डोळ्याआधी कानाला लागते असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांची बायको चारुता हिला कुवेतमध्ये बसून पेशवाईतल्या निम्म्या भाऊबंदक्यांची खडान्‌खडा माहिती आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं, वेदांतनं, पुण्याहून फोन करून सांगितलं की तो यापुढे रूपेशबरोबर राहणार आहे. मित्र म्हणून नाही, जन्माचा जोडीदार म्हणून. काकांनी आवाज चढवला. "वीस वर्षं जुने कागद वाचतोय मी. आपल्यात असलं काही नव्हतंच कधी. एका कागदात दाखव मला!"

वेदांत कुठून दाखवणार? त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून बापलेकाचं बोलणं काकांच्या इकाम्याची, म्हणजे कुवेतमधल्या राहण्याच्या परवान्याची मुदत आणि पुण्यातली हवा यापलीकडे गेलं नव्हतं. चारुता मात्र लेकाशी रोज बोलायची, रूपेशशीही बोलायची, आणि काका शेजारच्या खोलीत कान टवकारून बसायचे. लेकाची त्यांना फार आठवण यायची. पण तसं कबूल करणं जिवावर यायचं.

अशात एका शुक्रवारी दफ्तरातल्या उर्वीचा निरोप आला. "काका, तुम्ही २०१४ साली उतरवलेला एक कागद नव्या स्कॅनशी पडताळतेय. चौथ्या ओळीपासून तुम्ही 'येथे कागद फाटला आहे' असं लिहिलंय. कागद तर धडधाकट आहे. पुन्हा बघता का?"

काकांनी चहाचा कप बाजूला ठेवला. कागद त्यांना चांगलाच आठवत होता. मोडी वाचणाऱ्यांची रीत अशी, की जिथे कागद गेलेला असेल तिथे तसं कंसात लिहायचं. काकांची त्यात स्वतःची एक खासगी रीत होती, कुणालाही न सांगितलेली. वाचून कानशिलं तापतील असा मजकूर आला, की कागद फाटायचा! असे किती कागद त्यांनी फाडले होते, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"अहो, वाचा की मोठ्यानं," चारुता म्हणाली.

"हे वाचण्यासारखं नाही."

"तेवीस वर्षं लोकांचे कागद परत पाठवताय. आज तुमचाच परत आलाय. वाचा."

काकांनी घसा खाकरला. साल १८२३. कंपनी सरकारची नवी नवलाई. साहेबानं गावाला दोन माणसांबद्दल चौकशीचा हुकूम धाडला होता, आणि पंचांनी उत्तर लिहिलं होतं: "येसू तांबट व राणू गुरव अठरा वर्षे एके घरी जोडप्याप्रमाणे नांदतात. एके चुलीवर जेवितात. एक दुखणाईत जाहला तर दुसरा धंदा टाकून उशाशी बसतो. गावास त्यांचा उपसर्ग नाही. उपसर्ग इतकाच की तांबट भल्या पहाटे हंडे ठोकतो, त्यास सरकारांतून ताकीद व्हावी."

चारुता खो खो हसत सुटली. "म्हणजे गावाची तक्रार हंड्यांची!"

काकाही हसले, आणि हसता हसता त्यांनी चौथी ओळ पुन्हा वाचली. पुढे १८६०च्या कायद्यात ३७७वं कलम आलं, असे संबंध गुन्हा ठरले, हे त्यांना माहीत होतं. आता तर ते कलमही उरलं नव्हतं. पण येसू आणि राणूला काही साहेबानं पुसून टाकलं नव्हतं. पंचांनी त्यांना नीट लिहून ठेवलं होतं, दोनशे वर्षं कागदानं जपलं होतं, आणि पुसलं ते बंडू केळशीकरांनी. वर त्याच रिकाम्या जागेवर बोट ठेवून पोटच्या पोराला म्हणाले होते, दाखव! काकांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

उर्वीला त्यांनी पूर्ण मजकूर पाठवला, आणि खाली लिहिलं, "चूक माझी. आणखीही कागद आहेत, यादी देतो." मग खिडकी लावून घेतली, कारण महबूल्यात भिंती पातळ आणि या बाबतीत इथला कायदा जाड. आणि वेदांतला फोन लावला.

"बाबा? इकाम्याचं काही अडलंय का?"

"इकामा मरू दे. मागच्या वर्षी तुला दाखव म्हटलं होतं, तो कागद माझ्याकडेच होता. मीच लपवला होता. ऐक."

काकांनी सगळा वाचला. हंड्यांपाशी आल्यावर पलीकडे भलतंच कुणीतरी फसकन हसलं.

"कोण ते?"

"रूपेश. सॉरी बाबा, फोन स्पीकरवर आहे."

"सॉरी मी म्हणायचंय," काका म्हणाले. "रूपेश, चुकलं माझं. तुमच्या दोघांचंही मन दुखवलं मी." मग विचारलं, "तुमच्यात पहाटे उठून खडखडाट कोण करतं?"

"वेदांत, काका. मिक्सर लावतो पाच वाजता."

"काका काय म्हणतोस रे!" चारुता मागून ओरडली.

बंडूकाकांनी जोरजोरात मान डोलावली. फोनवर मान दिसत नाही हे ध्यानात यायला त्यांना जरा वेळ लागला. मग ते मोठ्यानं म्हणाले, "बाबा म्हण."