लिंबू-मिरचीखालचा काळा पट्टा

त्या गाडीचा पांढरा पडलेला बंपर मी अजून विसरलेलो नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. गाडीच्या काळ्या प्लास्टिकची नासाडी, एवढंच प्रकरण. पण तेवढ्यासाठी एका माणसाचं दुकान शिळफाट्यावरून उठवायला निघालेले लोक मी पाहिले. पुढे मी वेळेआधीच नोकरी सोडली. आज गावोगाव बहिष्काराविरुद्ध पत्रकं वाटतो, आणि कोणी कारण विचारलं की हीच हकीकत सांगतो.

तेव्हा मी खालापूर तालुक्यात एका पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात दोन भाऊ आणि त्यांच्यामागे अर्धं गाव आत आलं. धाकटा रसायनीच्या कारखान्यात नोकरीला. त्याने नवी गाडी घेतली होती. बंपर, चाकांवरच्या कडा, दारांखालच्या पट्ट्या, सगळं काळंभोर खरखरीत प्लास्टिक. उन्हाने ते भुरकट पडू नये म्हणून त्याने कर्जतच्या नव्या दुकानातून त्यावर कोटिंग करून घेतलं होतं. सकाळी उठून बघतो तर कोणीतरी ते घासघासून पांढरं करून टाकलेलं.

"कोणावर संशय?" मी विचारलं.

धाकट्याच्या आधी थोरला बोलला. "शिळफाट्याचा गॅरेजवाला, साहेब. आमची गाडी त्याला दिली नाय म्हणून जळतो. टपरीवर सगळ्यांदेखत बोलला, 'कर्जतवाला नुसतं तेल चोपडतो, पांढरी पडंल बघ.' काल सांजच्याला मीच त्याला आमच्या गावात पाह्यला."

ही झाली खबर. गॅरेजवाला कोकणी मुसलमान. लोकांना तेवढं पुरलं. त्यांनी गाळ्याच्या मालकाला आधीच गाठलं होतं आणि मालकानं गॅरेजवाल्याला संध्याकाळपर्यंत गाळा रिकामा करायला सांगितलं होतं. पंचनामा नाही, जबाब नाही, आणि शिक्षा देऊन मोकळे.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पारखून घेतली होती. ज्याची वस्तू गेली तो वस्तूबद्दल बोलतो. धाकटा म्हणत होता, "कोटिंग परत बसंल का?" थोरला मात्र माणसालाच धरून बसला होता.

मी पंच घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. गाडीशेजारी थोरल्याचा जुना टेंपो उभा होता. त्याचा बंपर उन्हाने राखेसारखा झालेला. गाडीच्या जाळीत भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा तुकडा अडकला होता. बंपरच्या मधोमध लिंबू-मिरची लटकत होती. मी ती काठीने बाजूला केली. खाली चार बोटं रुंद पट्टा जसाच्या तसा, काळाभोर. घासणाऱ्याने सगळीकडे हात चालवला होता आणि लिंबू-मिरची चुकवली होती.

गॅरेजवाल्याला ठाण्यात बोलावलं. घाबरला होता, पण आडपडदा ठेवला नाही.

"टपरीवर बोललास?"

"बोललो, साहेब. हातचं काम कर्जतला गेलं. पोटात दुखलं, बोललो."

"गावात गेला होतास?"

"गिऱ्हाईकाची मोटरसायकल पोचवायला. त्यालाच विचारा."

विचारलं. खरं निघालं. पण गाव ऐकणार नव्हतं, आणि संध्याकाळ जवळ येत होती.

मी गाडी ठाण्याच्या आवारात आणवली. सगळे गोळा झाले. गॅरेजवाल्याला म्हटलं, "फोटो काढायचाय. ती लिंबू-मिरची काढ." त्याने फट्दिशी दोरा तोडला आणि विचारलं, "कुठं टाकू?" गाडी धुण्याआधी रोज हेच करणारा माणूस तो. हवालदाराकरवी मी ती पुन्हा बांधून घेतली आणि थोरल्याला सांगितलं, "आता तू काढ."

त्याचे हात पाठीमागे गेले. "नको, साहेब."

"का रं?"

"दुसऱ्याची उतरवली तं आपल्यावर उलटते."

मी काही बोलायच्या आत धाकटा म्हणाला, "दुसऱ्याची? दादा, मी दुसरा कधीपास्नं झालो?"

सकाळी 'आमची गाडी' म्हणणारा माणूस खाली बघायला लागला. त्याला आत नेऊन समोर बसवलं, पाणी दिलं. दरडावलं नाही. गरजच पडली नाही.

"माज्या टेंपोनं घर चालवलं," तो म्हणाला. "त्याचा बंपर कदी पांढरा पडला, कोनाला ठाव पन नाय. आन् ह्याची गाडी आली तशी आई रोज सांजच्याला तिच्यावर हात फिरवती. बायको बोलती, बघा कशी चमकते. दोन्ही शेजारी उभ्या. मला वाटलं, दोन्ही सारख्या दिसूदे."

"आणि गॅरेजवाला?"

"तो आयता सापडला."

आयता सापडला. हे दोन शब्द ऐकून माझा जो संताप झाला, तो अजून गेलेला नाही. थोरल्याचा मत्सर मला समजतो. न बघता, न विचारता, त्याच्या मत्सराला खांदा देणारं गाव मला समजत नाही.

धाकट्याने तक्रार मागे घेतली. मी थोरल्याला म्हटलं, "ज्यांच्यासमोर त्याचं नाव घेतलंस, त्यांच्यासमोर खरं सांग." त्याच संध्याकाळी टपरीवर, गाळ्याच्या मालकासमोर तो म्हणाला, "मी केलं." गाळा राहिला. सकाळी ठाण्यात घुसलेल्यांपैकी एकही तिथं आला नाही.

निघताना धाकट्याने गॅरेजवाल्याला विचारलं, "चाचा, परत काळं होईल?"

"नाय होणार. वरची खरखर घासून गेली. बंपर बदलावा लागंल." मग तो थोरल्याकडे वळला. "तुझा टेंपो आण. नुसतं उन्हानं गेलंय ते. काळा करून देतो."

मी थोरल्याकडे बघत होतो. क्षणभर, अगदी क्षणभर, त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. मग मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मान खाली घातली.

गुन्हा कबूल झाला म्हणजे मत्सर संपला, असं तेव्हापासून मी कधी धरून चाललो नाही.