बाबाच्या बांधीत आलेला समुद्र

धानाच्या ओल्या तणसाचा वास आला की मला ती थंडी आठवते. ठेक्याच्या शेतातल्या धानावरच आमचं वर्ष निघायचं, आणि कापलेलं धान बांधीत, बांध घातलेल्या त्या तुकड्यात, वाळत पडलं होतं. शाळेतल्या रेडिओवर मी ऐकलं, पूर्वेच्या समुद्रात वादळ उठलंय, कोळ्यांनी होड्या काढू नयेत. मी धावत शेतात जाऊन सांगितलं, "समुद्रात वादळ उठलंय, इकडंही पाऊस येईल, आजच भारे बांधा." आभाळ निळंशार होतं. काका हसला, "समुद्र आपल्या बांधीत कायले येते, पोरी?" बाबा मात्र उठला. "पोरगी शिकून राहिली ना! चला." सांजेपर्यंत सगळ्यांनी लोंब्या आत ठेवून भाऱ्यांचा उंच पुंजणा रचला. पहाटे पाऊस कोसळला. पुंजण्यात हात घालून बाबानं कोरडी लोंबी काढली, माझ्या हातात दिली. "आला वो माय, तुझा समुद्र!" बाबानं समुद्र कधीच पाहिला नाही, पण मला शिकवत ठेवलं, आणि मी घराण्यातली पहिली बी.ए. झाले.