अचानक काका

अचानक काका कधी म्हणून सांगून आले नाहीत. अंबडच्या रस्त्याला, उसाच्या फडांना लागून एक निवासकेंद्र आहे. ज्या मोठ्या माणसांना स्वतःचं स्वतः करता येत नाही, ती तिथे राहतात. माझी थोरली बहीण सुमा तिथे आहे, काकांचा चाळिशीतला मुलगा गजाननही तिथेच. आम्ही बाकीचे नातेवाईक ठरलेल्या रविवारी, आधी फोन करून, पेढ्यांचा पुडा घेऊन जायचो. काका मात्र कुंभार पिंपळगावहून एसटीने कुठल्याही वारी उगवायचे. ‘अचानक काका’ हे नाव त्यांना तिथल्या कर्मचाऱ्यांनी ठेवलं होतं, आणि ते काही प्रेमाने ठेवलेलं नव्हतं.

“सांगून गेलं की चहा भेटतो, ताई. न सांगता गेलं की घर दिसतं,” ते म्हणायचे.

व्यवस्थापकांच्या खोलीला वळसा घालून ते थेट आत शिरायचे. गजाननच्या डोक्याचा वास घ्यायचे, नखं बघायचे, टॉवेल चाचपायचे. मग पंगतीत त्याच्या शेजारी मांडी घालून तेच जेवण जेवायचे. कोणी विचारलंच, तर म्हणायचे, “वरणात डाळ हाये का नुसती डाळीची आठवण, ते बघून राह्यलो.” धोतर, टोपी आणि हा तोरा. स्वयंपाकीण तोंडात पदर धरून हसायची, पण पुढच्या खेपेला वरण घट्ट असायचं.

मला या सगळ्याची फार भीती वाटायची. काका बोलायचे आणि एसटीने निघून जायचे. त्यांनी उठवलेला राग तिथेच राहायचा. तो कोणावर निघेल? सुमाला बोलता येत नाही. तिच्या दंडावर एकदा निळा डाग दिसला. “पडल्या असतील,” असं सेविका म्हणाली आणि मी मान डोलावली. आपलं माणूस ज्याच्या हातात, त्याच्यापुढे जीभ उचलत नाही. काकांना म्हटलं, “जरा सबुरीनं घ्या.” ते म्हणाले, “मलाबी भेव वाटतं, ताई. झोप लागत न्हाई. म्हणून तं येतो.”

त्यांचं खरं वैर होतं कड्यांशी. दुपारी जेवणं झाली की खोल्यांना बाहेरून कड्या लागायच्या. एकजण पूर्वी रस्त्यावर जाऊन उसाच्या ट्रॅक्टरखाली येता येता वाचला होता, त्यामुळे व्यवस्थापकांची काळजी काही खोटी नव्हती. पण काका ऐकेनात. “गोठ्यात मी दावं असं बांधतो, की एका झटक्यात सुटावं. गोठा पेटला तं बैल काय गाठ सोडत बसतील? अन् ही तं माणसं हायेत!” व्यवस्थापक हसले. खरं सांगायचं तर मीही हसले.

एका उन्हाळ्यात भर दुपारी व्हरांड्यातल्या मीटरने पेट घेतला. सेविका फाटकावर भाजीवाल्याशी घासाघीस करत होती. काका नुकतेच एसटीतून उतरून आत येत होते. सगळ्यात जास्त धूर सुमाच्या खोलीपुढे होता आणि तिचीच कडी गच्च बसलेली. त्यांनी दगडाने ठोकून ती काढली. मग मला त्यांचा फोन आला, “सुमा बाहेर हाये. जल्दी या, पण गाडी बराबर चालवा.” मी पोचले तेव्हा ती लिंबाखाली बसली होती, काकांच्या धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरून. काकांच्या भाजलेल्या हाताला कोणीतरी ओलं फडकं बांधलं होतं.

त्यानंतर बाहेरच्या कड्या निघाल्या. दुपारी व्हरांड्यात खुर्ची टाकून एक बाई बसू लागली. “कडी कोणीबी लावतं,” काका म्हणाले, “काढायला माणूस जाग्यावर पाहिजे.”

दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. मी गावी भेटायला गेले, तर तब्येतीचं सोडून म्हणाले, “मंग आता तुम्ही जात जा. फोन करू नका.” थोड्याच दिवसांत ते गेले. तेही अचानकच. गजानन अजून एसटीचा हॉर्न ऐकला की फाटकाकडे धावतो.

परवा मंगळवारी मी रजा काढली आणि फोन न करता गेले. चोरी करायला निघाल्यासारखं वाटत होतं. व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती. सुमाच्या दाराला नवी कोरी कडी होती आणि ती बाहेरून लावलेली होती. मी ती काढली. सुमा दाराकडे तोंड करून खाटेवर बसली होती.

व्यवस्थापक लगबगीने आले. “ताई, आज अशा अचानक?”

मी म्हणाले, “आता अशीच येत जाईन. ही कडी काढून टाका.”

“हो हो, उद्याच काढतो. बाईंना बसवतोच आता.” त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं आणि ते आत गेले. मी गाडीत बसले, पण किल्ली फिरववेना. काच खाली करून व्हरांड्याकडे कान लावून बसले. थोड्या वेळाने व्हरांड्यातून पुन्हा कडी लावल्याचा आवाज आला.

मी गाडीतून उतरले आणि परत आत गेले.